घर पलीकडे नेताना

एर्सिलिया : ...हात बटाट्याच्या पिठात, आणि रेडिओवर आधी कुणाचं तरी वासरू हरवल्याचं सांगितलं, मग दवाखान्याची लाँच गुरुवारी येणार नाही ते सांगितलं, आणि मग तुमचं नाव! ‘रोसामेल नाउतो कळवतात की चौदा तारखेच्या उधाणाला त्यांचं घर खाडीपलीकडे न्यायचं आहे. ज्यांना जमेल त्यांनी यावं.’ ज्यांना जमेल! दाजी, हे तुम्ही स्वतः लिहून दिलंत?

रोसामेल : हो.

एर्सिलिया : प्यायला होतात का?

रोसामेल : मातेच्या पाल्याचा काढा पीत होतो. तुला देऊ?

एर्सिलिया : द्या. साखर घाला, तोंड कडू झालंय माझं. अहो, इर्जिक कुणी रेडिओवर बोलावतं का? आमच्या आज्याचं घर हलवलं तेव्हा तो तीन दिवस दारोदार हिंडला. टोपी हातात धरून. प्रत्येकाच्या उंबऱ्यावर उभा राहून नाव घेऊन म्हणाला, मी संकटात आहे, मला तुझे हात दे. एका आंधळ्या म्हातारीलासुद्धा बोलावून आला. तिनं काय घर ओढायचं होतं? पण तिला विचारलं. आणि हे मी तुम्हाला शिकवू? तुम्ही फिस्काल. पाद्री वर्षातून एकदा येतो, बाकी वर्षभर या किनाऱ्यावरचा जन्म, मरण, प्रार्थना, सगळं तुमच्याकडे. लोकांना रीत तुम्ही शिकवलीत.

रोसामेल : घर सगळ्यांना माहीत आहे. यायचं ते येतील.

एर्सिलिया : कुत्रंसुद्धा येणार नाही. दारात येऊन कुणी विचारलं नाही आणि तरी आपण गेलो, तर लोक म्हणतील याला फुकटचं जेवण पाहिजे. हे तुम्हाला चांगलं माहीत आहे... थांबा. माहीत आहे म्हणूनच रेडिओवर दिलंत.

रोसामेल : माते गार होतोय.

एर्सिलिया : होऊ दे. इकडे बघा. परवाच्या वादळात कडा किती ढासळला?

रोसामेल : दोन हात.

एर्सिलिया : आता मागच्या भिंतीपासून किती उरलाय?

रोसामेल : तीन. साडेतीन.

एर्सिलिया : कोंबड्या माझ्याकडे पाठवल्यात. करवत नि कुऱ्हाड पुतण्याला देऊन टाकलीत. चर्चची किल्ली माझ्या दाराच्या खिळ्याला अडकवून गेलात, मी बघतेय असं वाटलं नसेल तुम्हाला. घर पडेल तेव्हा तुम्ही आत असणार आहात. खरं की नाही?

रोसामेल : झोपलेला असेन. कळायचंही नाही.

एर्सिलिया : हे तोंडावर सांगता मला?

रोसामेल : तू विचारलंस.

एर्सिलिया : माझी बहीण गेली हो. तुमची एकट्याची बायको नव्हती ती. दोमितिलानं मला वेणी घालायला शिकवली, पोहायला सोडून सगळं शिकवलं. मी नाही जाऊन कड्यावर झोपले.

रोसामेल : तुला माहीत नाही.

एर्सिलिया : मग सांगा. फेब्रुवारीपासून तुम्ही भिंतीशी बोलताय. आज मेव्हणीशी बोला.

रोसामेल : या किनाऱ्यावरच्या साठ-सत्तर माणसांच्या उशाशी मी बसलोय. शेवटच्या घटकेला. प्रत्येकाला सांगितलं, भिऊ नकोस, प्रभू दारात उभा आहे, त्याचा हात धर. मला ते सांगताना कधी अडलं नाही. दोमितिलाच्या वेळी नऊ दिवस प्रार्थना केली. गुडघे सुजले. नवव्या दिवशी पहाटे तिनं डोळे उघडले आणि विचारलं, ‘कोंबड्या आत घेतल्यास का?’

एर्सिलिया : अगंबाई.

रोसामेल : मी म्हटलं, घेतल्या. घेतल्या नव्हत्या. विसरलो होतो. ती म्हणाली, ‘बरं,’ आणि गेली. चाळीस वर्षं जे सगळ्यांना सांगितलं ते तिला सांगायचं राहिलं. खोटं तेवढं सांगितलं. मग मी वर बघून विचारलं, तू होतास का दारात? असलास तर सांग. काही नाही. उत्तर नाही. पाच महिने झाले.

एर्सिलिया : तिच्या मातीच्या वेळी तुमचं तोंड उघडेना. मी म्हटली प्रार्थना.

रोसामेल : ऐकली मी. बरी म्हटलीस.

एर्सिलिया : बरी कसली, नाक गळत होतं माझं... दाजी, चौदा तारखेला नऊ दिवस आहेत. त्यानंतर एवढं मोठं उधाण ऑगस्टशिवाय नाही, आणि ऑगस्टपर्यंत हा कडा राहत नाही. माझी पलीकडची जमीन रिकामी आहे. उठा. पहिलं दार कुणाचं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

रोसामेल : त्याच्याकडे नको.

एर्सिलिया : घर पाण्यावर घालता येणारा माणूस इथं एकच आहे.

रोसामेल : बाल्तासारकडे कुठल्या तोंडानं जाऊ?

एर्सिलिया : आहे त्याच तोंडानं. फक्त आधी दाढी करा.

*

बाल्तासार : तिथंच थांबा. बैल परक्या माणसाला बुजतात.

रोसामेल : मी परका?

बाल्तासार : पाच महिने दिसला नाहीत. बैलांना तेवढं पुरतं.

एर्सिलिया : बाल्तासार, म्हातारा माणूस पावसात उभा आहे.

बाल्तासार : बैलही पावसात उभे आहेत, एर्सिलियाताई. आणि मे महिन्यात मीही पावसात उभा होतो. कुणाच्या दारात, ते यांना विचारा.

रोसामेल : मी आत होतो.

बाल्तासार : माहीत आहे. धुराड्यातून धूर येत होता.

रोसामेल : तुझा आवाज ऐकला. तू म्हणालास, ‘फिस्काल, आई गेली.’ तीनदा म्हणालास.

बाल्तासार : चारदा.

रोसामेल : चारदा. माझा हात कडीवर होता, बाल्तासार. कडी उचलली नाही.

बाल्तासार : का?

रोसामेल : तुझ्या आईसमोर उभा राहून काय म्हणणार होतो? मेलेले उठतील? ते शब्द तोंडात घेतले की माती खाल्ल्यासारखं वाटायचं.

बाल्तासार : आईला ते शब्द पाठ होते, फिस्कालसाहेब. तिला तुमच्याकडून काही नवं नको होतं. एवढंच हवं होतं की तुम्ही म्हणावं. सहा महिने आधीपासून सांगायची, माझ्या मातीला रोसामेलचा आवाज पाहिजे, त्याचा आवाज खाडीपलीकडे जातो. शेवटी मी म्हटली प्रार्थना. मी! मला बैलांची नावं पाठ होतात, प्रार्थना नाही. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’पर्यंत आलो आणि पुढचं आठवेना. सगळे बघताहेत. मग एकदम ‘आमेन’ म्हणून टाकलं.

एर्सिलिया : क्षमेचं राहून गेलं.

बाल्तासार : राहून गेलं.

रोसामेल : बाल्तासार...

बाल्तासार : रेडिओ ऐकला मी. ‘ज्यांना जमेल.’ मी बायकोला म्हटलं, मला जमत नाही.

एर्सिलिया : ते रेडिओचं सोडा हो. आता तो आलाय ना पायांनी.

बाल्तासार : आलाय, पण अजून काही बोलला नाही.

रोसामेल : टोपी काढतो. थांब... बाल्तासार बार्रिया, फिलोमेनाच्या मुला, मी संकटात आहे. मला तुझे हात दे. तुझे बैल दे. तुझा एक दिवस दे. मी तुझ्याशी वाईट वागलो. तू नाही म्हणालास तरी तुझ्या घराबद्दल माझ्या मनात काही येणार नाही.

बाल्तासार : शब्द बरोबर म्हटलेत. शेवटची दोन वाक्यं रीतीत नाहीत, पण असू देत. आता मला एक सांगा. जगायचंय का तुम्हाला?

एर्सिलिया : हा काय प्रश्न झाला?

बाल्तासार : तुम्ही गप्प बसा, ताई. मी जुंपणार आहे माझी जोडी. मेलेल्या माणसाच्या घराला मी बैल जुंपत नाही, त्यांचे खांदे सोलतात. बोला. जगायचंय?

रोसामेल : माहीत नाही.

बाल्तासार : ...हं.

रोसामेल : खरंच माहीत नाही.

बाल्तासार : ‘हो’ म्हणाला असतास तर परत पाठवला असता. तू कधी नीट खोटं बोलू शकला नाहीस, लहानपणापासून. आत ये. पायपुसण्याला पाय पुस, नाहीतर बायको मला बाहेर काढेल.

रोसामेल : म्हणजे येशील?

बाल्तासार : आईनं मला दार उघडायला शिकवलंय. लावायचं कसं ते सांगायच्या आधीच गेली. येईन. सात जोड्या लागतील, तीन लाँच, आणि पिंपं जेवढी मिळतील तेवढी. खिडक्या-दारं उद्यापासून काढायला घे. आतून आडवे वासे ठोक, नाहीतर घर पाण्यात पत्त्यांसारखं मिटेल. आणि उरलेली सतरा घरं. पायांनी. टोपी हातात.

रोसामेल : एक आहे. बैल जुंपायच्या आधी उंबऱ्यावर फिस्काल प्रार्थना म्हणतो. मला ते जमेल असं वाटत नाही.

बाल्तासार : उंबऱ्यावर उभं राहणं जमेल?

रोसामेल : तेवढं जमेल.

बाल्तासार : मग तेवढं कर.

*

(चौदा जुलै, भर दुपार. खाडीचा मध्य ओलांडून पाण्यावर तरंगत चाललेलं घर. आत रोसामेल आणि एर्सिलिया. खिडक्या-दारांच्या जागी नुसत्या चौकटी.)

एर्सिलिया : पाणी घोट्याच्या वर आलं! दाजी, पाणी घोट्याच्या वर आलंय!

रोसामेल : गुडघ्यापर्यंत येईल. मग थांबेल. बाल्तासार म्हणालाय.

एर्सिलिया : बाल्तासार असंही म्हणाला होता की घरात कुणी बसायचं नाही! तुम्ही मागच्या दारानं चढलात ते फक्त मी बघितलं, म्हणून मला उडी मारावी लागली. या वयात! आणि मला पोहता येत नाही.

रोसामेल : मलाही येत नाही.

एर्सिलिया : छान. दोमितिलाला सांगते वर गेल्यावर.

रोसामेल : मरायला नाही चढलो मी. तुला तसं वाटलं ना?

एर्सिलिया : वाटलं.

रोसामेल : एकदा बघायचं होतं. तिच्या खोलीतून. ...तुला ऐकू येतंय?

एर्सिलिया : काय? लाँचची धडधड?

रोसामेल : त्याच्या खाली. घर. फळ्या कुरकुरत नाहीत. वाऱ्यात आवाज करणारं घर आहे हे, रात्री झोपू देत नव्हतं. आता गप्प आहे. बघ भिंतीकडे, पाण्याचा उजेड कसा हलतोय. तिचा पलंग होता तिथं.

एर्सिलिया : बघितला. चला आता खिडकीशी, हाका मारू.

रोसामेल : एर्सिलिया. मासा.

एर्सिलिया : कुठाय?

रोसामेल : चुलीपाशी. हा बघ... दोन आहेत. चुलीच्या पायाभोवती फिरताहेत.

एर्सिलिया : बाई गं. दाजी, चुलीत मासे शिरले.

रोसामेल : चाळीस वर्षं मी या फळ्या झाडल्या, ठोकल्या, बदलल्या. मीच तासल्यात त्या, एकूण एक. त्यांना तरंगता येतं हे मला माहीत नव्हतं.

एर्सिलिया : सगळ्यांची घरं तरंगतात हो. लाकूड आहे.

रोसामेल : माहीत होतं. बघितलं नव्हतं आतून. पायाखाली किती खोल असेल?

एर्सिलिया : तो विचार करू नका.

रोसामेल : चार वाव. आणि आपण स्वयंपाकघरात उभे आहोत.

एर्सिलिया : तुम्ही रडताय का?

रोसामेल : नाही. बघतोय.

एर्सिलिया : सकाळी उंबऱ्यावर तुम्ही तोंड उघडलंत नि मिटलंत. सगळा किनारा बघत होता. मला वाटलं, झालं, लोक जातात परत.

रोसामेल : बाल्तासार ‘आमेन’ म्हणाला.

एर्सिलिया : न म्हटलेल्या प्रार्थनेला! आणि लगेच बैलांना हाक. मला हसू आलं, आणि मग... हे काय झालं? काय झालं? घर थांबलं!

बाल्तासार : आत कोण आहे? रोसामेल? अरे गाढवा! आणि ताई तुम्हीसुद्धा?

एर्सिलिया : तुमची होडी जवळ आणा आणि मग शिव्या द्या!

बाल्तासार : वाळूच्या दांड्यावर बसलंय घर. किनारा दोनशे हातांवर आहे. लाँच इथं येत नाहीत, तळ लागतो त्यांचा. आता फक्त बैल आणि माणसं. ऐका नीट. भरती टिकून राहील अजून अर्धा तास. मग पाणी उतरायला लागेल आणि घर या दांड्यावर तिरकं राहील. पाठ मोडेल त्याची. होडीत उतरा दोघंही.

रोसामेल : लोक ओढताहेत ना?

बाल्तासार : ओढताहेत. छातीभर पाण्यात उभे आहेत, सत्तर माणसं. पण एकदम ओढ लागत नाही. डाव्या दोरावरचे आधी ओढतात, उजवे मागून. बैलही तसेच. मी ताल देत होतो तर घसा बसला. ऐकतोयस ना आवाज माझा? बेडकासारखा. वारा समोरून आहे, पुढच्यांना ऐकूच जात नाही.

एर्सिलिया : यांचा जातो.

रोसामेल : एर्सिलिया.

एर्सिलिया : यांचा आवाज खाडीपलीकडे जातो. फिलोमेनाकाकूच म्हणायच्या. दाजी, संतांची मालिका म्हणा. तुम्ही नाव घ्यायचं, लोक उत्तर देतील, उत्तराबरोबर ओढतील. सगळ्यांना पाठ आहे, पोरांनासुद्धा.

रोसामेल : मला नाही म्हणता येणार. आता म्हटली तर ते ढोंग होईल.

एर्सिलिया : मग ढोंग करा! ऐन हिवाळ्यात, जुलैच्या पाण्यात माणसं छातीपर्यंत उभी आहेत, ओठ निळे पडलेत त्यांचे. त्यांना तुमचा विश्वास नकोय, ताल हवाय!

बाल्तासार : रोसामेल, घर जाऊ दे म्हणालास तरी चालेल. मी लोकांना सांगतो. कुणी नाव ठेवणार नाही. पण आत्ता सांग.

रोसामेल : ते... माझ्यासाठी उभे आहेत?

बाल्तासार : नाहीतर काय शिंपल्यांसाठी? तू विचारलंस ना त्यांना. दारात जाऊन.

रोसामेल : खिडकीशी सरक, एर्सिलिया. मला धर, पाय घसरतोय... काय होतं पहिलं?

एर्सिलिया : पवित्र मरिया.

रोसामेल : पवित्र मरिये, देवाच्या माते!

सगळे : आमच्यासाठी विनंती कर!

बाल्तासार : ...अरे. अरे, पुढचे वळले. ऐकू गेलं त्यांना. पुन्हा!

रोसामेल : संत योसेफा!

सगळे : आमच्यासाठी विनंती कर!

रोसामेल : संत पेत्रा! अंद्रेया!

एर्सिलिया : एकेक घ्या, एकेक. ओढायला वेळ द्या त्यांना.

रोसामेल : संत अंद्रेया!

सगळे : आमच्यासाठी विनंती कर!

बाल्तासार : उजवा दोर ताणला. दोन्ही ताणले. चालू ठेव. मी बैलांकडे जातो.

रोसामेल : संत याकोबा!

सगळे : आमच्यासाठी विनंती कर!

एर्सिलिया : हललं! दाजी, हललं! एक वीत तरी हललं!

रोसामेल : संत योहाना! ...संत थोमा!

सगळे : आमच्यासाठी विनंती कर!

रोसामेल : संत लुचिये! संत क्लारे!

एर्सिलिया : एकेक!

रोसामेल : संत क्लारे!

सगळे : आमच्यासाठी विनंती कर!

एर्सिलिया : का थांबलात? दाजी? थांबू नका.

रोसामेल : पुढची आठवत नाहीत. पाच महिन्यांत... संपली. नावं संपली.

एर्सिलिया : अजून शंभर हात आहेत! कुणाचंही घ्या. देवाच्या पायाशी असलेलं कुणाचंही नाव घ्या!

रोसामेल : ...एलियास चिग्वाय! जाळ्यासकट बुडालास तू!

सगळे : ...आमच्यासाठी विनंती कर!

एर्सिलिया : हे... हे आपले.

रोसामेल : मीच पुरलेत. सगळ्यांची नावं आहेत माझ्याकडे. रुफिना लेविकोय! बारा मुलांच्या आई!

सगळे : आमच्यासाठी विनंती कर!

रोसामेल : दोरोतेओ मान्सिया! हा चर्चचा घुमट तुझ्या हातचा!

सगळे : आमच्यासाठी विनंती कर!

एर्सिलिया : बायका पाण्यात उतरल्या. दाजी, किनाऱ्यावर स्वयंपाकाला बसलेल्या बायका. दोर धरलाय त्यांनी. दोरोतेओचा मुलगा, बघा तो, रडतोय नि ओढतोय.

रोसामेल : तान्ह्या सामुएल, एक दिवसाच्या! मी तुला परसात पाणी शिंपून नाव दिलं!

सगळे : आमच्यासाठी विनंती कर!

रोसामेल : फिलोमेना बार्रिया!

सगळे : आमच्यासाठी विनंती कर!

एर्सिलिया : बाल्तासार उभाच राहिला, बैलांची शिंगं धरून.

रोसामेल : फिलोमेना बार्रिया! तुझ्या मुलानं आईची प्रार्थना अर्धी म्हटली, ती माझ्यामुळे! आमचे अपराध आम्हाला क्षमा कर, जशी आम्हीही...

बाल्तासार : ...जशी आम्हीही आपल्या अपराध्यांना क्षमा करतो! ओढा! थांबू नका, ओढा!

सगळे : आमच्यासाठी विनंती कर!

एर्सिलिया : सुटलं! दांड्यावरून सुटलं! दाजी, मला धरा, मी पडते, घर पळतंय!

रोसामेल : अजून एक.

एर्सिलिया : बस झालं, आता आपोआप येतंय.

रोसामेल : एक राहिलंय... दोमितिला!

सगळे : आमच्यासाठी विनंती कर!

रोसामेल : दोमितिला, माझी बायको! कोंबड्या बाहेर होत्या! तो दारात होता की नाही मला माहीत नव्हतं! मी घाबरलो होतो!

सगळे : आमच्यासाठी विनंती कर!

रोसामेल : ...ते तेच म्हणाले. ऐकलंस? कोंबड्यांनाही तेच म्हणाले.

एर्सिलिया : ऐकलं हो. ऐकलं. तुम्ही खाली बसा आता. पाणी आहे, असू दे, बसा.

*

बाल्तासार : तळाच्या तीन फळ्या गेल्यात आणि एक वासा चिरलाय. पुढच्या आठवड्यात येतो, बदलू. दार मात्र आता उगवतीला आलं. फिरवायचं म्हणालास तर उद्या बैल जुंपायला लागतील.

रोसामेल : राहू दे.

बाल्तासार : आत काय करतोयस अजून? सगळे बाहेर, जेवण शिजवायच्या खड्ड्याशी बसलेत. शिंपले वाफेवर आलेत, डुकराचं मांस आहे, तुझ्या मेव्हणीनं सत्तर माणसांना शिव्या देऊन झाल्यात, आता वाढतेय.

रोसामेल : कपडे सुकवतोय. तू ये ना. बस.

बाल्तासार : बसतो. तू मघाशी खिडकीत उभा होतास ना, तेव्हा मी तुला बघितलं नाही. आवाज तेवढा आला. लहानपणी यायचा तसा. मला वाटलं, आई आता ऐकतेय.

रोसामेल : उद्या तिच्याकडे जाऊ. ओहोटीला. सगळी प्रार्थना म्हणू, काही न गाळता.

बाल्तासार : जाऊ. माझीही होईल पाठ.

रोसामेल : एर्सिलियाकडून किल्ली घेतली मी. रविवारी उघडतो चर्च. पाच महिन्यांची धूळ असेल.

बाल्तासार : बायका पुसतात दर शनिवारी. खिडकीतून चढून. तुला सांगितलं नाही कुणी?

रोसामेल : नाही.

बाल्तासार : एक विचारू? आपल्या दोघांत. उत्तर आलं का तुला?

रोसामेल : फेब्रुवारीपासून हाका मारत होतो. रात्री उठून मारायचो. एकदाही आलं नाही.

बाल्तासार : आणि आज?

रोसामेल : आज प्रत्येक नावाला आलं.

बाल्तासार : ते आम्ही होतो, म्हाताऱ्या.

रोसामेल : हो. ऐकलं मी.